पंचकाचा विलाप

"साहेब, तुमची मशीन हळू फिरून राह्यली," डोमाजी म्हणाला.

प्रोफेसर देवरावांनी डोळे उघडले. रेकॉर्ड लागली की डोळे मिटायचे, हा त्यांचा नेम. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्यांच्या बैठकीत येणाऱ्यांनाही ते मिटावे लागत. जो मिटणार नाही तो अडाणी. देवराव शेतकी कॉलेजात कापूस शिकवत. दोन वर्षं अमेरिकेत राहून ते कापसाबद्दल काय शिकले देव जाणे, पण येताना विजेचा ग्रामोफोन आणि जाझच्या पाच रेकॉर्डी घेऊन आले. वाजवणारे पाचच जण: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. देवराव त्यांना 'पंचक' म्हणत. या पंचकाच्या दुःखावर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती. 'इथला प्रत्येक सूर साखळदंडातल्या गुलामासारखा पाय ओढत चालतो,' हे त्यातलं त्यांचं लाडकं वाक्य. बायकोला, इंदूबाईंना, ते पाठ झालं होतं. बिचारी करते काय?

आज पाच वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये ती पानं वाचायची होती, रेकॉर्डही ऐकवायची होती. मुंबईहून एक संपादक खास त्यासाठी आले होते. त्यांना पसंत पडलं तर पुस्तक निघणार. आणि नेमका सकाळीच ग्रामोफोनचा ट्रान्सफॉर्मर तापून बंद पडला. म्हणून कापसाच्या जिनिंग प्रेसमधल्या फिटरला, डोमाजीला, बोलावणं गेलं. त्यानं तासाभरात काम केलं, रेकॉर्ड लावून पाहिली आणि सुरुवातीचं ते वाक्य बोलला.

"तुला काय कळतं यातलं?"

"थोडं कळते. छप्पन सालापर्यंत मी बँडमधी ट्रम्पेट वाजवत होतो. दीक्षा घेतली आन् लोकायच्या वरातीपुढं फुंकणं सोडलं. पण हा खालचा सूर हाये ना साहेब, तिन्ही खटके दाबले तरी ट्रम्पेटमधून निघत नाही. बाजातच नाही तो."

"वा! आता वरातीतला बँडवाला मला जाझ शिकवणार!"

डोमाजीनं खिशातून खडू काढला. रेकॉर्डीच्या मधल्या चकतीवर खडूची रेघ मारली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत एक मिनिट फेरे मोजले. अठ्ठावीस. चकतीवर छापलेलं होतं तेहतीस.

"मोटर तिकडच्या विजेवर बनवेल हाये," तो म्हणाला. "आपली वीज तिले हळूच फिरवते. कितीबी ट्रान्सफॉर्मर लावा, वेग काही वाढत नाही. आमच्या प्रेसमधी असंच एक अमेरिकन धूड येऊन पडेल हाये."

मग त्यानं मोटरच्या दांडीवर वायरीला गुंडाळायच्या काळ्या पट्टीचे वेढे दिले. दांडी जाड झाली तशी रेकॉर्ड जोरात फिरू लागली. पुन्हा मोजलं. तेहतीस भरले. सुई टेकवली.

आणि पंचक चक्क हसायला लागलं! ट्रम्पेट उड्या मारत होतं, सॅक्सोफोन त्याची खोडी काढत होता, ड्रमवाला मधेच टपली मारून पळत होता. कुठला गुलाम आणि कुठला साखळदंड! पाच गडी मजेत होते. डोमाजीच्या पायानं ताल धरला. इंदूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अवो, नवीन आनली का? बरं झालं बाप्पा! त्या जुनीनं रोज घरात कोणी मेल्यावानी वाटे."

देवरावांचाही पाय हलला. एकदाच. मग त्यांची नजर त्या चाळीस पानांवर गेली.

"पट्टी काढ," ते म्हणाले.

"काहून? आता तं बरोबर हाये."

"काढ म्हनतो ना! आन् कोणापाशी बोलशीन तं पाह्यजो!" घाबरले की देवरावांची अमेरिका पळून जाई आणि जन्मगाव अकोट तोंडात येई. मग त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघ, कॉलेजच्या वर्कशॉपात फिटरची जागा भरायची आहे. पक्की नोकरी. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे. संध्याकाळी मशीनजवळ बस, तोंड मिटून."

पक्की नोकरी! प्रेस वर्षातले पाच महिने चाले. उरलेले सात महिने डोमाजीच्या घरी चूल कशी पेटते, हे देवरावांना चांगलं ठाऊक होतं. डोमाजीनं मान खाली घातली आणि पट्टी काढली.

हॉल भरला. चाळीस पानं वाचून झाली. रेकॉर्ड रडली. जाझ खातात की पितात हे ज्यांना माहीत नव्हतं ते वकील, डॉक्टर आणि मास्तर गंभीर होऊन बसले. दोघातिघांनी तर डोळे टिपले. लोकांचं काय, रडा म्हटलं की रडतात. सांगणारा तेवढा अमेरिकेहून आलेला पाहिजे.

संपादक उठले.

"हीच रेकॉर्ड माझ्या घरी आहे," ते म्हणाले. "पण तिथे ती नुसती बागडते. मला वाटायचं, काय ही थिल्लर मंडळी! यांचं दुःख मला आज अकोल्यात कळलं. प्रोफेसर, पुस्तक आम्हीच काढणार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. देवराव फुलून आले.

"फक्त एक सांगा," संपादक पुढे म्हणाले. "माझं मशीन पळतं, हे आता उघड आहे. ते दुरुस्त करणारा कोणी आहे का तुमच्याकडे?"

"आहे की!" टाळ्यांच्या भरात देवराव बोलून गेले. "हा काय, आमचा डोमाजी. पाठवून देतो मुंबईला!"

सगळ्या माना मशीनजवळच्या स्टुलाकडे वळल्या. डोमाजी उभा राहिला. त्यानं देवरावांकडे पाहिलं. देवराव मानेनं 'हो म्हण, हो म्हण' करत होते.

"तुमची मशीन चांगली हाये, साहेब," डोमाजी संपादकांना म्हणाला. "तिले हात लावू नका."