नवसागराची डबी

बसा पाव्हणं, मी शेजारचा; रेवणाप्पा घरी येईपत्तर त्याचीच गोष्ट सांगतो. गडी नळदुर्गात भांड्यांना कल्हई करतो. लेक रंजू पुण्यात सोडियमची बॅटरी बनवायच्या खटपटीत. तीन वर्सांमागं फोनवर म्हणली, "आप्पा, वितळलेला धातू बॅटरीतल्या चिनीमातीच्या चकतीला धरतच न्हाय, मण्यावानी पळतोय. तुमचं कथील भांड्याला कसं धरतंय?" कसब तोंडानं सांगायचं न्हाय, भट्टीपाशी दावायचं, ही घरची रीत, त्यात लेकीला बघायची भूक. "गावाला ये, दावतो," म्हणला. तिला सवड गावंना. परवा एकदाची ती नाचतच आली. "आप्पा, जमलं! चकतीवरचा न दिसणारा मळ आधी घालवला, मग धातूनं धरलं. एवढ्याला तीन वर्सं गेली!" रेवणाप्पानं तिला दावायला काढलेली नवसागराची डबी मांडीखाली सारली. कथील लावायच्या आधी भांड्याचा मळ नवसागरानंच जातो, म्हंजी तिचं उत्तर त्या डबीतच हुतं. "हुशार माझी बाय," एवढंच म्हणला. रंजू च्या आणतीय पाव्हणं, तिला हे सांगू नका.