सैल सोडा

"खांदे सोडा," कीर्ती म्हणाली.

सतरंजीवर उताणा पडलेल्या प्रेमानंदचे खांदे कानांकडे ओढलेलेच राहिले. डोळे मिटलेले होते, पण पापण्यांखाली बुबुळं फिरत होती.

"सोडले, मॅडम."

"नाही सोडले. आधी आवळा. मूठ, दंड, खांदा. अजून. आता एकदम टाकून द्या."

आवळणं त्याला लगेच जमलं. टाकून देणं जमेना.

दाराजवळच्या खुर्चीत त्याची सासू सिंधुताई पदर तोंडाशी धरून बघत होती. तिनेच त्याला इथे आणलं होतं.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सातमधल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत कीर्ती शिथिलीकरण शिकवायची. ब्लड प्रेशरवाले यायचे, शिफ्ट ड्यूटीने झोप उडालेले यायचे. पण इतकं ताठलेलं शरीर तिने पाहिलं नव्हतं. कारणही तसंच होतं. प्रेमानंदची बायको रश्मी तिजाला, म्हणजे हरतालिकेच्या सणाला, माहेरी गोंदियाला जायला निघाली. त्याने तिला दुर्ग स्टेशनवर सोडलं म्हणे. ती पोचलीच नाही. पोलिसांनी त्याला ठाण्यात बसवून घेतलं, स्टेशनचे कॅमेरे तपासले, सणाच्या गर्दीत काही सापडलं नाही. दिवाळी आली न् गेली. प्लांटमध्ये तो क्रेन चालवायचा; डोळ्याला डोळा लागत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी त्याला क्रेनवर चढायची मनाई केली होती.

सिंधुताई तेव्हापासून त्याच्याच घरी राहत होती. स्वयंपाक करायची, त्याला बळेबळे जेवू घालायची.

"लोक नावं ठेवतात," पहिल्या दिवशी ती कीर्तीला म्हणाली होती. "सासू जावयाच्या घरी काऊन राह्यते म्हनतात. म्हनू द्या. पोरगी गेली, जावाई त वाचला पाह्यजे."

कीर्तीने त्या दिवशी फीचा विषयच काढला नव्हता.

एकदा वर्ग संपल्यावर प्रेमानंद बाहेर स्कूटी काढत होता, तेव्हा सिंधुताई मागे रेंगाळली.

"मॅडम, रातभर दात खातात जावाईबापू. जबडा असा गच्च! काही बोलाले जातात, न् लगेच तोंड मिटून घेतात."

"जबडा सगळ्यात शेवटी सुटतो, ताई. धीर धरा."

"न् पूरे ढिले झाले, का मंग ऐकू येते का मानसाले?"

"येतं. ती झोप नसते. आवाज पोचतो, फक्त मन पहारा द्यायचं थांबतं."

सिंधुताईने मान हलवली. "मंग बरं हाय."

पुढच्या आठवड्यात प्रकरण बिघडलं. पाय सुटले, कंबर सुटली, पोट श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागलं. आणि एकाएकी प्रेमानंद ओरडून उठून बसला. घामाने बनियन चिंब झालं होतं. छाती धपापत होती. कीर्ती घाबरली. या माणसाचं हृदय बंद पडलं तर काय करायचं?

"तुम्ही मनोविकारतज्ज्ञांना दाखवा," ती म्हणाली. "हे माझ्या हातचं नाही."

"बंदच करू, मॅडम," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मले नाही जमत हे."

सिंधुताई खुर्चीतून उठली. त्याच्यासमोर जमिनीवर बसून तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"बापू, तुमी बी हातचे गेले त मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? माह्यासाठी करा. मी बसून राहीन ना बाजूले."

मग त्याने मान खाली घातली. कीर्तीला भरून आलं. नाही म्हणणं तिला जमलं नाही.

त्यानंतर तो नेमाने येत राहिला. कीर्ती प्रत्येक वेळी धसका घेऊनच सुरुवात करायची. त्याचा श्वास अडकला की तिचाही अडकायचा. सिंधुताई मात्र हलायची नाही. तिचे ओठ कीर्तीच्या शब्दांबरोबर पुटपुटत असायचे. बाई बिचारी देवाचं नाव घेते आहे, असं कीर्तीला वाटायचं.

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी गारठा होता. कीर्तीने प्रेमानंदच्या अंगावर चादर घातली आणि पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. पोटऱ्या. मांड्या. कंबर. नेहमीच्या जागी तो थबकला. कीर्तीने आवाज आणखी खाली आणला. "काही धरून ठेवू नका. सगळं जमिनीला देऊन टाका."

आणि खांदे खाली आले.

मुठी उघडल्या. कपाळावरची आठी गेली. बुबुळं थांबली. श्वास लांब, मऊ झाला. कीर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या महिन्यांनी या माणसाला विसावा मिळाला होता. आता थोडा वेळ काही बोलायचं नसतं.

सिंधुताई कधी उठली ते कळलं नाही. ती प्रेमानंदच्या उशाशी येऊन बसली होती. डोक्यावरून हात फिरवेल, असं कीर्तीला वाटलं. तिने हात फिरवला नाही. ती त्याच्या कानाशी वाकली.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

कीर्ती दचकली. तो कीर्तीचा स्वतःचाच आवाज होता. तीच संथ लय, तेच शब्द, गोंदियाच्या बोलीचा मागमूस नाही.

"काही धरून ठेवू नका. जबडा सोडा."

प्रेमानंदचे ओठ विलग झाले. कीर्तीने तिला थांबवायला हात पुढे केला. मग तिला सिंधुताईचे डोळे दिसले, आणि हात तसाच राहिला.

"आता सांगा," सिंधुताई हळुवार म्हणाली. "रश्मीला कुठे ठेवलंत?"

प्रेमानंदच्या चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता.

"नंदिनी गावाकडच्या बंद खदानीत," तो म्हणाला. "पानी लय खोल हाय तिथं, मॅडम."