ग्राउंड स्पीड

मैथिलीने बँकेतली नोकरी सोडून विमान चालवायला घेतलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा तिच्याशी बोलत नव्हते. विमान उतरलं की ती कल्याणला घरी फोन करायची. आई विचारायची, “अहो, देऊ का?” अण्णा आपल्या मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचे, “बातम्या वाचतोय.”

आज त्यांनी स्वतःच हात पुढे केला आणि आईचा फोन कानाला लावला.

“उदयपूरनंतर ग्राउंड स्पीड चाळीस नॉटनी का पडला?”



“समोरून वारा होता, अण्णा.”

“आणि एअरस्पीड?”

“हवेतला वेग तोच होता.”

“मग हरकत नाही,” असं म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि आपल्या मोबाइलवरचा, उडत्या विमानांची जागा आणि वेग दाखवणारा नकाशा बंद केला.