दुसरी फेरी

कुठल्याच तुकडीने न घेतलेल्या चौघा पोरांची ही दुसरी अंतराळफेरी होती. पहिल्या फेरीत परतीचं इंधन वाटेतच गळून गेल्याचं त्यांना सांगितलं होतं. तरी ग्रहांच्या ओढीवर यान रेटत ते कसेबसे घरी पोचले, आणि सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

या वेळी निर्जन चंद्रावर यंत्रं उतरवून झाल्यावर, बोलताना अडखळणाऱ्या त्यांच्या कप्तान मुलीने परतीची टाकी तपासली. ती कोरडी ठणठणीत होती.

तिने घरच्या तळावर प्रशिक्षकांना विचारलं, "स-सर, पुन्हा गळती झाली का?"

ते हलकेच म्हणाले,



"गळती मागच्या वेळीही नव्हती, बाळा. तुमची परतीची टाकी इथे कुणी भरतच नाही."