टकल्याचं सुतक

टकल्यानं मूठ वर उचलली आणि तशीच धरून ठेवली.

व्हिडिओ गेमच्या पेटीच्या काचेत त्याच्यासमोर लिंबाजी खेळवत असलेला निळ्या बंडीतला गडी धापा टाकत होता. गड्याच्या नावावरची जिवाची पट्टी दोऱ्याएवढी उरली होती. आणखी एक ठोसा, की खेळ खलास. आणि त्या ठोशासरशी पेटीबाहेर लिंबाजीची मिशी जायची होती.

तसं चारचौघांत ठरलं होतं. पूर्णा स्टेशनाबाहेर बन्सीधरच्या व्हिडिओ गेमच्या खोलीत शिरताना रेल्वेतला गँगमन लिंबाजी बोलून बसला होता, "आज ह्या टकल्याला लोळवतो, न्हाईतर मिशी काढतो." आणि मिशी साधीसुधी नव्हे. लाल झेंडी घरी विसरली तर लिंबाजी रुळात उभा राहून नुसता मिशीला पीळ द्यायचा आणि मालगाडी थांबायची, असं लोक सांगतात. लोक कशाला खोटं सांगतील?

समोरच्या कटिंगच्या दुकानातला सिताराम साबणाचा फेस करून मागं उभाच होता.

"पैलवान, हनवटी जरा वर करा. फेस वाळायलाय."

"दम धर की लेका. अजून हारलो न्हाई."

आता टकल्याचं. लोकांना वाटायचं, त्याचं सगळं बळ त्या मुठीत. पण ती मूठ डाव्या हाताची. उजवा हात तो पाठीमागं धरून उभा राही. त्या हातात अख्ख्या पूर्णेचा करंट होता. स्टेशनाचे दिवे, पिठाच्या गिरण्या, थेटराचा पडदा, सगळं त्या एका पंजात. नुसता झटकला असता तरी पार गंगाखेडपर्यंत अंधार झाला असता. पण तो झटकत नसे. कारण तो स्वतःही करंटचाच होता. दिवे गेले की आपणही गेलो. दिवे माघारी येतात. आपण येऊ का, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तो डाव्या हातानंच मारायचा, आणि तेही जिवावर आल्यासारखं.

तेवढ्यात दारातली गर्दी हलली. पालमच्या यष्टीतून उतरून लिंबाजीचे वडील, व्यंकटराव, काठी टेकत आत आले. मिशीची बातमी यष्टीहून जोरात पळाली होती.

"लिंबा, मी मेलो का रं?"

लिंबाजीनं काचेवरची नजर काढली नाही. "न्हाई, आबा."

"मग मिशी कुनाची काढायलास?"

कुणी हसलं नाही. बाप गेला की मुलानं मिशी उतरवायची. जित्या बापापुढं उतरवली, तर बापाला तिरडीवर बांधल्यासारखंच. सितारामनं ब्रश पाठीमागं लपवला.

"शब्द दिलाय, आबा."

"शब्द तुजा, अन् मरन माजं व्हय रं?"

लिंबाजीचे हात बटनांवरून गळाले. व्यंकटराव काचेपाशी वाकले. "कुनासंगं लागलंय ह्याचं?" बन्सीधरनं बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि टकल्याला न्याहाळलं. डोकं गुळगुळीत. ओठावर केस नाही, हनुवटीवर नाही. अंग उघडं. बराच वेळ बघून ते गर्दीकडं वळले.

"लाजा वाटत न्हाईत का रं तुमाला? मानूस सुतकात हाय!"

"कोन, काका?"

"ह्यो! डोस्कं, मिशी, समदं उतरवलंय. बाप गेलाय ह्याचा. अन् तुमी ह्याला बुक्क्या मारायलाव?"

"काका, त्यो जपानी हाय," बन्सीधर म्हणाला.

"मग? जपान्याला बाप नसतो?"

व्यंकटराव पुन्हा काचेकडं वळले. आवाज खाली आला.

"कवा गेले वडील, बाबा? आमाला कळलंच न्हाई बग."

टकल्याची मूठ हळूहळू खाली आली. पेटीसमोर येणाऱ्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, काचेवर थापा मारल्या होत्या. वडलांचं कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला वडील होते का, हे त्यालाही आठवेना. पण विचारल्यावर बरं वाटलं.

काचेतलं वरचं घड्याळ उतरत होतं. मारलं तर लिंबाजी हरणार. नाही मारलं, तरी घड्याळ संपलं की पट्टी ज्याची आखूड तोच हरणार. आणि मार खाऊन आपणच हरायला आता वेळ उरला नव्हता.

टकल्यानं व्यंकटरावांकडं एकदा बघितलं. मग पाठीमागचा उजवा हात पुढं काढला आणि झटकला.

पूर्णा गेली. स्टेशन गेलं, गिरण्या गेल्या, थेटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या. खांबावर चढलेला वायरमन पुढं कैक वर्षं सांगायचा की तार शाबूत होती, फ्यूज शाबूत होता, करंट तेवढा कुणी नेला होता.

"हारला, हारला!" अंधारात कुणीतरी ओरडलं.

"कुठं हारला? निकाल कुठं लागला?"

"निकाल न्हाई तर मिशी न्हाई," सितारामच म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेला फेस झटकल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळानं दिवे आले. बल्ब लागला, पंखा फिरला. पेटी मात्र काळीच होती. करंट गेला की तिचं बटन बंद करायची बन्सीधरला सवय. ते चालू करायला त्याचा हात बटनाकडं गेला.

"ऱ्हाऊ दे," व्यंकटराव म्हणाले.

"काका, लोक थांबलेत."

"तेरवं होऊ दे त्याचं."

बन्सीधरचा हात तिथंच थांबला. लिंबाजीनं चपला काढून दाराबाहेर ठेवल्या आणि आत येऊन काळ्या काचेसमोर मांडी घातली. मग सिताराम बसला. मग मागची गर्दी, एकेक करून, चपला बाहेर काढून.