वरच्या दोन पोळ्या

“छान झालाय,” कौस्तुभ म्हणाला. पण आईकडे पोळीचा कुस्करा खाताना खुलायचा, तसा त्याचा चेहरा काही खुलला नाही. लग्नाला महिना होत आला होता. मृणालने फोडणीत लसूण घालून पाहिला, दाणे घालून पाहिले, साखरेची चिमूट वाढवली. शेवटी तिने हात टेकले आणि सासूबाईंना फोन लावला.

“पोळ्या कधीच्या घेतेस गं?”

“ताज्याच, आई. कुस्करा करायचा म्हणून मुद्दाम लाटते.”

सासूबाईंना हसू आवरेना. “अगं वेडे, कुस्करा शिळ्या पोळीचा! रात्री दोन पोळ्या वरच्या कर. कुणी आलं तर आलं, नाहीतर सकाळी कुस्करा.”

मृणाल पोळ्या करायची मोजूनमापून. दोघांत उरणार काय? त्या रात्री तिने दोन वरच्या लाटल्या. नेमके समोरचे लिमयेकाका किल्ली विसरून जिन्यात ताटकळत बसले होते. “काकू येईपर्यंत चार घास खाऊन घ्या,” म्हणत कौस्तुभने त्यांना हाताला धरून आत आणलं. काकांनी दोन्ही पोळ्या चवीने संपवल्या.

सकाळी मृणालने पोळ्यांचा रिकामा डबा कौस्तुभपुढे आदळला. “घे! आजही आईंसारखा कुस्करा नाही.”

त्याने डब्यात डोकावलं आणि त्याचा चेहरा खुलला, अगदी आईकडे खुलायचा तसा. “आमच्याकडे सकाळी डबा बहुतेकदा असाच असायचा,” तो म्हणाला. “म्हणून तर कुस्करा असला की चंगळ वाटायची.”

संध्याकाळी कणीक भिजवताना मृणालने आणखी एक मूठ पीठ घातलं.