नेटवर्क नसलेली जागा

बायको गेल्यापासून लीलाधरकाका दर दिवाळीला बुऱ्हाणपूरचं घर बंद करून एकटेच जंगलात यायचे आणि कच्च्या रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचे. यंदाही ते कपाशीच्या काड्यांवर भरताचं वांगं भाजत बसले होते. तेवढ्यात जंगलखात्याचा नाकेदार मोटारसायकल थांबवून म्हणाला,

"काका, तिकडे टेकडीवर लावा ना तंबू! तिथे नेटवर्क मस्त येतं. आज दिवाळी आहे, पोरांचा फोन येईल."

"नको रे भाऊ, इथंच बरं आहे."

"अहो, पण इथे तर कोणाचाच फोन लागत नाही!"

काकांनी वांगं उलटं केलं.



"घरी नेटवर्क फुल असतं, बेटा. तिथे फोन वाजला नाही, तर दोष कोणाला द्यायचा?"